तीन रोपं आणि हिरवं बटण

ओडेट पेल्कीला एखादा प्रश्न पडला की त्याचं उत्तर मिळेपर्यंत तिला घास गोड लागत नसे. एकतीस वर्षं तिनं हार्लो मिल्सच्या शाळेची बस चालवली. त्या उंच सीटवरून सगळं गाव दिसायचं: कुणाच्या पडवीत नवा फ्रीज आलाय, कुणाच्या धुराड्यातून चार दिवस धूर नाही, कुणी कुंपण अर्धंच रंगवून सोडलंय. दिसलं की ती विचारायची. गाव तिला भोचक म्हणायचं, आणि बर्फात गाडी रुतली की सगळ्यात आधी तिलाच फोन करायचं.

बसच्या बाबतीत मात्र ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. दारापुढे एक मिनिट थांबायचं, एकसष्टाव्या सेकंदाला निघायचं, मग मूल पायरीवर बूट चढवत असलं तरी. आईबाप चिडायचे, शाळेकडे तक्रारी जायच्या. पण एकतीस वर्षांत हार्लो मिल्सची पोरं शाळेत एकदाही उशिरा पोचली नाहीत.

निवृत्तीनंतर दोन वर्षं खिडकीत बसून ती विटली. मग कळलं की विधानसभेला आपल्या भागातून कुणी उभंच राहिलेलं नाही. राज्याचे आमदार चारशे, मानधन वर्षाला शंभर डॉलर, वर गाडीला लावायला आसनाच्या नंबरची पाटी. शंभर डॉलरसाठी कोण मरायला जातंय? ज्यांना पेन्शन आहे ते, नाहीतर ज्यांना घरात कुणी बोलू देत नाही ते. ओडेटला पेन्शन होती आणि नवरा वारल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. ती उभी राहिली आणि बिनविरोध आली.

नव्या आमदारांना सभागृहाच्या नियमांचं एक छोटं पुस्तक मिळतं. ते कुणी उघडत नाही. ओडेटनं ते दोनदा वाचलं, तेही हातात पेन्सिल घेऊन.

त्याच जानेवारीत तिला समोरच्या घराच्या तळघराच्या खिडकीत जांभळा उजेड दिसला. समोर वेंडेल फार्नम राहायचा. उभ्या जिल्ह्यातले पियानो सुरात लावायचा, आता पायांनी दगा दिल्यामुळे घरीच असायचा. तीन संध्याकाळी ओडेटनं कळ काढली. चौथ्या दिवशी बीन्सचं भांडं उचललं आणि रस्ता ओलांडला.

"वेंडेल, तळघरात काय लावलंयस?"

"टोमॅटो."

"जानेवारीत?"

"लवकरची जात आहे."

"मग टोमॅटोला पडदा कशाला लावलाय? लाजतात का ते?"

वेंडेलनं सुस्कारा सोडला. "ओडेट, तू फार प्रश्न विचारतेस, असं तुला कधी कुणी सांगितलं का?"

"रोज कुणीतरी सांगतं. चल, दाखव."

तळघराच्या आठ पायऱ्या उतरायला त्याला बराच वेळ लागला. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. खाली दह्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये टोमॅटोची इवली रोपं खरंच होती. पडद्यामागे मात्र कमरेएवढी तीन झाडं उभी होती, बोटं पसरल्यासारख्या पानांची. ओल्या लोकरीला लिंबू चोळावं तसा वास सगळ्या तळघरात कोंडला होता.

"हा गांजा आहे," ओडेट म्हणाली.

"टोमॅटो तर नाहीच."

मग त्यानं पायरीवर बसून सगळं सांगितलं. आजार मज्जातंतूंचा. पायाचे स्नायू अचानक लाकडासारखे कडक होतात आणि तासतासभर सुटत नाहीत. त्यावर एक गोळी चालत होती. विमा कंपनीनं ती आपल्या यादीतून काढली, आणि महिन्याच्या गोळ्या अकराशे डॉलरवर गेल्या. डॉक्टर म्हणाले, गांजा घेऊन बघा, आता कायद्यात बसतो. राज्यानं रीतसर कार्डही दिलं. पण कार्डावर माल मिळतो तो फक्त परवाना असलेल्या दुकानात. सगळ्यात जवळचं दुकान बावन्न मैलांवर, आणि वेंडेलचं गाडी चालवणं आता सुटलेलं. त्यात विमा तिथं एक पैसा देत नाही.

"आणि घरी लावला तर?"

"फौजदारी. विकणाऱ्याला जे कलम, तेच मला."

"म्हणजे विकत घेतलं तर औषध आणि उगवलं तर गुन्हा?"

"तंतोतंत."

"असं का पण?"

"आमदार तू आहेस बाई. मला काय विचारतेस?"

ओडेट त्या झाडांपाशी गेली. एका पानाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. मग म्हणाली, "मी नेते ना तुला दुकानात. शुक्रवारी मोकळीच असते."

"तुझ्या गाडीतून?" वेंडेल हसला. "दारापुढच्या चार पायऱ्या उतरायला मला दहा मिनिटं लागतात आणि तू एका मिनिटात निघतेस. नको गं. लोकांना तासभर ताटकळत ठेवून जगायचं नाही मला."

हे तो हसत म्हणाला, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, आणि ओडेटला ते कळलं. तिनं विषय वाढवला नाही.

राजधानीत जाऊन मात्र तिनं 'असं का' हा प्रश्न दिसेल त्याला विचारला. एक म्हणाला, पोलिसांचा विरोध आहे. दुसरा म्हणाला, दुकानवाल्यांचा. तिसरा म्हणाला, मागच्या खेपेला घाईत राहून गेलं. चौथ्यानं घड्याळ बघितलं. तेव्हा ओडेटनं स्वतःच एकपानी विधेयक लिहून घेतलं: ज्याच्याकडे रुग्णाचं कार्ड आहे, त्यानं घरी तीन रोपं लावली तर गुन्हा नाही. इथली एक रीत मला फार आवडते. विधेयक कितीही खुळं असो, त्याची जाहीर सुनावणी होते आणि सभागृहात त्यावर मत पडतंच. कुणाला ते परस्पर खुंटीला टांगता येत नाही.

सभागृहात ओडेटच्या शेजारच्या आसनावर प्रूडन्स हॉइट बसायची. वय एकोणऐंशी, निवडून यायची ही बारावी खेप, पक्ष विरुद्ध. ती भाषणं ऐकता ऐकता हातमोजे विणायची आणि विणता विणता बोलायची.

"गांजा?" ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी? अगं, आधी एखाद्या पुलाला कुणाचं तरी नाव द्यायचं विधेयक आणायचं. सगळे हो म्हणतात, फोटो निघतो."

"तुम्ही काय आणलंय यंदा?"

"गोळ्यांच्या किमतींना लगाम घालायचं. सलग चौथ्यांदा. दर वेळी मत देऊनच त्याला पुढच्या अभ्यासासाठी पाठवतात." सुई क्षणभर थांबली. "इथं 'अभ्यास' म्हणजे काय, कळेल तुला. माझं विधेयक एव्हाना डॉक्टर व्हायला हवं होतं."

"गांजाला तुमचा विरोध का?"

"वास," प्रूडन्स म्हणाली. ओडेटनं 'फक्त वास?' असं विचारलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "आणि पाच प्रश्न एकदम विचारणाऱ्या पोरी."

फेब्रुवारीत समितीपुढे सुनावणी झाली. वेंडेल स्वतः बोलायला आला. त्याला आणायला चर्चची व्हॅन होती, आणि आपल्यामुळे कुणाला ताटकळावं लागणार नाही याची त्यानं आधी खात्री करून घेतली होती. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. त्यानं गोळ्यांची किंमत सांगितली, बावन्न मैल सांगितले, लाकडासारखे पाय सांगितले. घरच्या झाडांविषयी अवाक्षर काढलं नाही. सगळं छान चाललं होतं.

मग समितीतला एक औषधविक्या आमदार पुढे झुकला. माणूस सज्जन, प्रश्नही साधाच. "तीन रोपं एका माणसाला किती दिवस पुरतात, याचा काही अंदाज?"

वेंडेलचा जन्म पियानोच्या तारा बरोबर लावण्यात गेलेला. अंदाजे बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"अकरा महिने," तो म्हणाला. "तिसऱ्याला कोपऱ्यात उजेड कमी पडतो. नाहीतर बारा."

अध्यक्षांनी घाईघाईनं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. पण सुनावणीचं चित्रण होतं आणि ते घरबसल्या कुणालाही बघता येतं. समितीनं शेवटी एका मताच्या फरकानं विधेयकाविरुद्ध कौल दिला.

दोन दिवसांनी गावचा पोलीसप्रमुख लेलंड ड्रू तिच्या दारात आला. चाळिशीचा, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणारा, लहानपणी तिच्याच बसमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. टोपी हातात धरून तो पडवीत उभा राहिला.

"मिसेस पेल्की, तुम्ही ती सुनावणी बघितलीत ना?"

"मी तिथंच होते, लेलंड."

"मीही बघितली. गावात अजून चौघांनी बघितली आणि त्यातल्या एकानं मला फोन केला." त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्या बायकोला पियानो त्यांनीच शिकवला. सभागृहात मत पडेपर्यंत मला कमी ऐकू येतं, असं समजा. पण विधेयक पडलं तर मला जावं लागेल. कार्डही जाईल त्यांचं."

"आणि नाही पडलं तर?"

"तर माझे कान आणखी बिघडतील. आमच्या घराण्यातच आहे ते."

ओडेटनं हे सगळं वेंडेलला जसंच्या तसं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "लेलंडला यायला लागू नये. पोराला वाईट वाटेल."

मतदान मार्चच्या मध्याला आलं. मेपलच्या झाडांना पाकासाठी रस गोळा करायच्या बादल्या लागल्या होत्या, रस्त्यांवर चिखल. त्या दिवशी सकाळी ओडेटनं एका नव्या आमदाराला पायऱ्यांवर थांबवून समजावलं: "लक्षात ठेव बरं का. समितीचा ठराव आहे, 'हा कायदा करणे इष्ट नाही'. आपण त्या ठरावावर मत देणार. हिरवं दाबलं तर ठरावाला हो, म्हणजे विधेयक मेलं. आपल्याला विधेयक हवंय, म्हणून आपलं बटण लाल." त्यानं वहीत लिहून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

अकरा चाळीसला विधेयक पुकारलं गेलं. दोन भाषणं विरोधात झाली, दोन बाजूनं. घंटा वाजली आणि सभापती म्हणाले, "बटणं दाबा. तीस सेकंद."

आता त्या तीस सेकंदांत काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण ते तिच्या स्वभावातून झालं. समोरच्या भिंतीवर मोठा फलक आहे. त्यावर प्रत्येक आमदाराचं नाव आणि नावापुढे दिवा. ओडेटला राहवेना: तो औषधविक्या काय दाबतो? सकाळी शिकवलेला नवा पोरगा चुकला तर नाही? ती मान लांब करून फलकाकडे बघत बसली आणि बघता बघता हातानं बटण दाबलं. एकतीस वर्षं त्या हाताला एकच गोष्ट शिकवलेली होती. बसमध्ये लाल बटण म्हणजे लाल दिवे लुकलुकवून मागच्यापुढच्या सगळ्या गाड्यांना जागच्या जागी थांबवणं आणि हिरवं म्हणजे चल. आपलं विधेयक पुढे चालावं असं तिला वाटत होतं. हात हिरव्यावर गेला.

औषधविक्यानं लाल दाबलं. नव्या पोरानंही लाल. ओडेट खूश झाली. मग वेळ संपल्याची घंटा झाली.

"ठरावाच्या बाजूनं एकशे अठ्ठ्याहत्तर, विरुद्ध एकशे सत्याहत्तर. ठराव मंजूर."

"एका मतानं गेलं!" ओडेट हळहळली. "कोण असेल तो मेला?"

शेजारची सुई थांबली होती. "अगं बाई," प्रूडन्स हळूच म्हणाली, "तुझ्या नावापुढे हिरवं का आहे?"

ओडेटनं बघितलं. पेल्की, हिरवा. तिनं डोळे मिटले, उघडले. पेल्की, हिरवाच.

त्यानंतर जेवणाची सुट्टी झाली. चारशे आसनं खडखडली, माणसं सूप आणि सँडविचकडे निघाली. ओडेट जागची हलली नाही. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतात असं तिनं ऐकलं होतं. हा धोंडा तिनं रस्ता ओलांडून वेंडेलच्या पायावर नेऊन घातला होता, आणि त्याचे पाय आधीच तसले. तिला रडू आलं आणि ती खुशाल रडली.

प्रूडन्सनं तिच्या हातात रुमाल दिला. "माझ्या पहिल्या वर्षी मी कुत्र्यांच्या कायद्याला असंच मारलं. प्रत्येक जण एकदा करतो."

"कुत्र्यांचं ठीक आहे हो. मी आता वेंडेलला काय सांगू?"

फोन करावा असं तिच्या मनात आलं. पर्समधून काढलाही. पण सांगणार काय? तुझं औषध मी मारलं, आणि तेही दुसऱ्याच्या दिव्याकडे बघण्याच्या नादात? तिनं फोन परत ठेवला. आधी काही करता येतंय का बघू, मग सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि नियमांचं पुस्तक काढलं. तेवढंच तिच्या हातात होतं.

चोविसाव्या नियमापाशी तिची पेन्सिलीची खूण होती. जानेवारीत शेजारी एक प्रश्नचिन्हही काढलेलं. तिनं तो परत वाचला, आणखी एकदा वाचला.

"प्रूडन्स, झालेल्या मताचा फेरविचार करा, असं म्हणता येतं?"

"येतं. त्याच दिवशी."

"कुणाला?"

"जिंकलेल्या बाजूनं ज्यानं मत दिलं त्यालाच. हरलेल्याला नाही, नाहीतर दिवसभर तेच चालेल. म्हणून तर तो नियम बिनकामाचा. जिंकलेला माणूस कशाला उठून..." हातातला मोजा तिनं मांडीवर ठेवला.

"मी कोणत्या बाजूची?" ओडेटनं विचारलं.

प्रूडन्स हॉइट एकोणऐंशी वर्षांच्या सगळ्या सुरकुत्यांनी हसली. "पोरी, तू जिंकलेली आहेस!"

एक वाजून दहा मिनिटांनी ओडेट उभी राहिली. सभापती पट्टीचे होते. चष्म्याच्या वरून बघत त्यांनी विचारलं, "फेरविचाराचा ठराव मांडणाऱ्या सदस्यांनी कोणत्या बाजूनं मत दिलं होतं?"

"जिंकलेल्या, सभापती महोदय."

"विधेयक तुमचंच होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही ते पाडायला मत दिलंत?"

"दिलं, महोदय. सकाळी मीच एकाला पायऱ्यांवर शिकवलं की हिरवं दाबू नकोस. तो बरोबर दाबून गेला आणि मी फलकाकडे बघत बसले."

सभागृहात हशा उसळला. ज्याला शिकवलं तो पोरगा तर मेजावर डोकं ठेवून हसत होता. ओडेटचे कान तापले, पण ती खाली बसली नाही. हशा ओसरेपर्यंत वाट बघून ती म्हणाली, "हसा. मी एकतीस वर्षं बस चालवलीय, मला याहून वाईट हसलेलं ठाऊक आहे. पण माझ्या समोरच्या घरात एक माणूस आहे. त्याच्या गोळ्या अकराशे डॉलरला झाल्या, ती त्याची चूक नव्हती. दुकान बावन्न मैलांवर ठेवलं, ती त्याची चूक नव्हती. आणि मी चुकीचं बटण दाबलं, तीही त्याची नाही. तुमच्यापैकी ज्यांना हा कायदा खरंच नको असेल त्यांनी परत हिरवं दाबा, माझी तक्रार नाही. पण माझ्या बावळटपणानं तो जाऊ नये एवढंच म्हणते."

चूक कबूल करणारा आमदार त्या सभागृहानं बऱ्याच दिवसांत बघितला नसावा. फेरविचाराला तोंडी मतानंच होकार मिळाला. पुन्हा घंटा, पुन्हा तीस सेकंद. प्रूडन्सनं आपला लोकरीचा गोळा उचलला आणि ओडेटच्या हिरव्या बटणावर ठेवून दिला. मग स्वतःचं बटण दाबलं. लाल.

"वास?" ओडेटनं विचारलं.

"माझं विधेयक अभ्यास करत बसलंय. तुझं तरी शाळेतून सुटू दे."

ठराव सोळा मतांनी पडला. लगेच विधेयक मंजूर करायचा ठराव आला आणि तेवढ्याच मतांनी पास झाला. पुढे सेनेट म्हणजे वरचं सभागृह होतं, राज्यपालांची सही होती, पण ते मे महिन्यातलं. तोवर लेलंडला काही ऐकू येणार नव्हतं. ओडेट चाळीस मैल चिखलातून गाडी हाकत आली, वाटेत बेकरीत थांबून सहा डोनट घेतले, आणि स्वतःच्या घरी न जाता थेट वेंडेलच्या स्वयंपाकघरात शिरली.

"झालं! पास झालं, वेंडेल! सोळा मतांनी!"

वेंडेल टेबलाशी बसला होता. टेबलावर उन्हात दह्याचे डबे मांडलेले होते, टोमॅटोच्या रोपांचे. शेगडीत लाकडं जळत होती, आणि घरभर तो वास होता, ओल्या लोकरीचा आणि लिंबाचा, फक्त आता करपलेला.

ओडेटनं शेगडीकडे बघितलं. मग टोमॅटोकडे. मग तळघराच्या दाराकडे. या खेपेला तिला काही विचारावं लागलं नाही.

"कधी?" एवढंच ती म्हणाली.

"बारा वाजता. तीन फेऱ्या कराव्या लागल्या, त्या पायऱ्यांनी जीव घेतला." तो थकलेला दिसत होता. "कॉम्प्युटरवर बघत होतो. ठराव पास झाला. तुझा हिरवा दिवा बघितला."

"ती चूक होती! माझा हात चुकला, वेंडेल!"

"ते माझ्या डोक्यातच आलं नाही," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, ओडेट न वाचता, न विचारता बटण दाबणार नाही. तिला काहीतरी कळलं असणार, जे मला माहीत नाही. ती झाडं ठेवणं धोक्याचं असेल. म्हणून मग मी थांबलो नाही."

"मला फोन का नाही केलास?"

"तू का नाही केलास?"

ओडेटकडे याचं उत्तर होतं, आणि ते तिला तोंडातून काढवत नव्हतं. बारा वाजता फोन तिच्या हातात होता. लाज वाटली म्हणून तिनं तो पर्समध्ये ठेवला, आणि त्याच वेळी हा माणूस एक एक झाड घेऊन आठ पायऱ्या चढत होता. तिनं हे जसंच्या तसं त्याला सांगितलं. सांगताना डोनटच्या पिशवीची दोरी तिच्या बोटांत गुंडाळून गुंडाळून तुटली.

वेंडेलनं पिशवी स्वतःकडे ओढली, एक डोनट काढला, अर्धा मोडून तिच्यापुढे ठेवला.

"मेमध्ये बी लावलं तर हाताशी यायला सप्टेंबर उजाडेल," तो म्हणाला. "त्याआधी लावायचंच नाही. नीट, कायद्यानं लावू."

"आणि सप्टेंबरपर्यंत पायांचं काय?"

त्यानं नुसता गुडघा चोळला.

"शुक्रवारी सकाळी साडेसात," ओडेट म्हणाली. "दुकान नऊला उघडतं, मी विचारलंय. आणि नाही म्हणू नकोस, वेंडेल. आज तू नाही म्हणालास तर मला घरी जाववणार नाही."

शुक्रवारी साडेसातला तिची गाडी त्याच्या दारापुढे उभी होती. रस्ता अरुंद, दोन्ही कडांना चिखल मिसळलेला बर्फ, म्हणून तिनं मागचे लाल दिवे लुकलुकत ठेवले. वेंडेल पडवीत आला. काठी पहिल्या पायरीवर टेकली, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही. ओडेटनं हातावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

मागून पोलिसांची गाडी आली आणि थांबली. लेलंडला बाजूनं कसंबसं निघता आलं असतं. त्यानं भोंगाही वाजवला नाही. शाळेच्या बसमागे थांबतात तसा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो थांबून राहिला. वेंडेल दुसऱ्या पायरीवर पोचला आणि ओरडला, "ओडेट! एक मिनिट झालं गं!"

"उतर सावकाश," ओडेट म्हणाली, आणि वाकून त्याच्या बाजूचं दार उघडून ठेवलं.